विश्लेषण : स्पीकर चांगले, तरी गाणे का फसते? घरच्या स्टुडिओत मॉनिटर नेमके कुठे आणि कसे ठेवावेत?

गाणे खोलीत ऐकले तेव्हा ढोलकी भरदार होती, गायकाचा आवाज स्वच्छ होता. तेच गाणे मित्राच्या गाडीत लावले, तर ढोलकीने आवाज गिळून टाकला. मोबाइलवर ऐकले, तर ढोलकी गायबच. घरातल्या एका खोलीत गाणी, पॉडकास्ट, ऑडिओबुक किंवा डबिंगचे काम करणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. गाणे एकदा प्रसिद्ध झाले की ते परत घेता येत नाही आणि ग्राहकाने काम नाकारले तर पैसेही अडकतात. मग दोष स्पीकरला दिला जातो आणि हजारो रुपये खर्चून नवी जोडी घेतली जाते. ती जुन्याच जागी ठेवली, तर निकालही बराचसा जुनाच राहतो. कारण आपण कधीच नुसता स्पीकर ऐकत नसतो. स्पीकर आणि खोली मिळून जे होते ते ऐकत असतो. त्यामुळे खरेदीआधी करून पाहण्याचा उपाय म्हणजे स्पीकर हलवणे. त्याला मोजपट्टी आणि एक दुपार पुरते.

मॉनिटर स्पीकर वेगळे कसे?

घरातील म्युझिक सिस्टिम गाणे ऐकायला छान वाटावे म्हणून बनवलेली असते. तिच्यात अनेकदा खर्जाचे आणि तार सप्तकाचे स्वर थोडे वाढवलेले असतात. मॉनिटरचे काम उलट असते. रेकॉर्डिंगमध्ये जे आहे तेच, न सजवता समोर ठेवायचे. चूक असेल तर तीही ऐकवायची. घरच्या स्टुडिओत वापरले जाणारे बहुतेक मॉनिटर 'नियरफील्ड' प्रकारचे, म्हणजे तीन ते पाच फुटांवरून ऐकण्यासाठीचे असतात. अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या आतच असतो. जवळून ऐकण्याचा फायदा असा, की स्पीकरमधून थेट कानावर येणारा आवाज जोरकस राहतो आणि भिंतींवरून फिरून येणारा आवाज त्या मानाने कमी पडतो.

खोली मध्ये कशी येते?

आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर वेगाने जातो. १०,००० हर्ट्झच्या बारीक स्वराची लहर जेमतेम ३.४ सेंटिमीटरची असते. १०० हर्ट्झच्या स्वराची लहर ३.४ मीटर, म्हणजे सुमारे ११ फूट लांब, तर ५० हर्ट्झची त्याच्या दुप्पट. बारीक स्वर टॉर्चच्या झोतासारखे स्पीकरच्या तोंडासमोर जातात. खर्जाचे स्वर मात्र खोक्याला वळसा घालून चारही दिशांना पसरतात. शहरी घरातील १० बाय १२ फुटांची खोली या लांब लहरींसाठी डबीएवढीच ठरते. समोरासमोरच्या भिंतींमध्ये त्या मागे-पुढे आपटत राहतात आणि काही ठरावीक स्वर खोलीतच घुमतात.

हे स्वर कोणते, हे खोलीच्या मापावरून काढता येते. आवाजाच्या वेगाला लांबीच्या दुपटीने भागायचे. १२ फूट लांबीसाठी उत्तर येते सुमारे ४७ हर्ट्झ, १० फूट रुंदीसाठी ५६ आणि साडेनऊ फूट उंचीसाठी ५९ हर्ट्झ. प्रत्येकाच्या दुप्पट, तिप्पट पटीतही असेच घडते. खोली १० बाय १० ची चौरस असेल, तर लांबी आणि रुंदीचे आकडे एकच येतात आणि तो एकच स्वर दुप्पट त्रास देतो. म्हणूनच निवड शक्य असेल तेव्हा चौरस खोली टाळावी.

बसायचे कुठे?

स्पीकर ठेवण्याआधी आपली खुर्ची ठरवावी लागते. बरोबर खोलीच्या मध्यावर बसले, तर लांबीतला सर्वांत खालचा घुमणारा स्वर जवळपास ऐकूच येत नाही. पाठ मागच्या भिंतीला टेकवून बसले, तर तोच स्वर फुगून ऐकू येतो. पहिल्या ठिकाणी बसणारा ढोलकीचा खर्ज वाढवत राहतो, दुसऱ्या ठिकाणी बसणारा तो कापत राहतो. दोघांचीही गाणी बाहेर फसतात.

सुरुवात म्हणून ध्वनितंत्रज्ञ ३८ टक्क्यांचा ठोकताळा वापरतात. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्के अंतरावर कान यावेत. १२ फुटांच्या खोलीत हे अंतर साधारण साडेचार फूट होते. हा नियम नव्हे, पहिला अंदाज आहे. तिथून खुर्ची अर्धा-एक फूट पुढे-मागे करून ऐकायचे.

टेबल शक्यतो लहान भिंतीकडे लावावे, म्हणजे स्पीकरचा आवाज खोलीच्या लांबीच्या दिशेने जातो आणि मागची भिंत दूर राहते. डाव्या आणि उजव्या भिंती आपल्यापासून सारख्या अंतरावर हव्यात. घरांमध्ये टेबल कोपऱ्यात ढकलण्याची सवय असते. स्टुडिओसाठी ती सर्वांत महाग पडते. एका स्पीकरला कोपरा आणि दुसऱ्याला मोकळी जागा मिळाली, की दोन्ही वेगवेगळे वाजू लागतात.

मागच्या भिंतीपासून किती अंतर?

इथे 'मागची भिंत' म्हणजे स्पीकरच्या पाठीमागची. खर्जाचा आवाज स्पीकरच्या मागेही जातो, भिंतीवर आपटतो आणि परत येतो. परत येईपर्यंत त्याला उशीर झालेला असतो. हा उशीर बरोबर अर्ध्या लहरीएवढा असेल, तर थेट आवाज आणि परतलेला आवाज एकमेकांना खोडतात आणि त्या स्वराच्या जागी खड्डा पडतो. भिंतीपासून स्पीकरच्या पडद्यापर्यंतचे अंतर लहरीच्या एक चतुर्थांशाइतके असले, की हे घडते.

एक उदाहरण पाहू. पडदा भिंतीपासून दोन फुटांवर आहे. तेव्हा खड्डा पडतो सुमारे १४० हर्ट्झला. आता काळी एकचा षड्ज घेऊ. पुरुष गायकांमध्ये ही पट्टी सर्रास वापरली जाते आणि तिचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो. म्हणजे ज्या स्वरावर सारे गाणे उभे आहे, नेमका त्याचाच पाया त्या खुर्चीत कमजोर ऐकू येतो. वरचे उपस्वर ऐकू येत असल्याने षड्ज नाहीसा होत नाही, पण आवाज पातळ वाटतो. मिक्सिंग करणारा तो भाग वाढवतो आणि दुसऱ्या स्पीकरवर तेच गाणे जड, कोंदट होऊन बसते. स्पीकर निर्दोष, गायक निर्दोष; चूक दोन फुटांची.

अंतर वाढवले की खड्डा खाली सरकतो. एक मीटरला तो ८६ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे डग्ग्याच्या आणि बेस गिटारच्या मुलखात जातो. अंतर कमी केले की तो वर सरकतो. ३० सेंटिमीटरला तो सुमारे २८६ हर्ट्झला येतो. इतक्या वरच्या स्वरांना आवर घालणे सोपे असते. स्पीकरच्या पाठीमागच्या भिंतीवर चार इंच जाडीचा रॉकवूलचा पॅनल लावला, तरी बराच फरक पडतो. ८६ हर्ट्झला तोच पॅनल फारसा उपयोगी नाही. म्हणून लहान खोलीत स्पीकर अर्धवट पुढे ओढण्यापेक्षा भिंतीजवळ ठेवणे बहुधा श्रेयस्कर. मात्र मागे हवेचे भोक असलेला स्पीकर भिंतीला चिकटवू नये. तीन-चार बोटांची फट राहू द्यावी.

भिंतीजवळ खर्ज फुगत नाही का?

फुगतो. एका भिंतीलगत खालचे स्वर ६ डेसिबलपर्यंत वाढू शकतात आणि कोपऱ्यात त्याहूनही जास्त. पण ही वाढ बऱ्यापैकी सारखी पसरलेली असते, त्यामुळे ती कमी करता येते. त्यासाठीच अनेक मॉनिटरच्या पाठीवर स्विच दिलेला असतो. यामाहाच्या एचएस५ वर 'रूम कंट्रोल' नावाचा स्विच असून तो खालचे स्वर २ किंवा ४ डेसिबलने उतरवतो. जेबीएलच्या ३०५पी मार्क-२ वर हीच सोय दीड आणि तीन डेसिबलची आहे. हे स्विच आवडीनुसार आवाज बदलण्यासाठी नाहीत. स्पीकर भिंतीजवळ आहे, हे त्याला सांगण्यासाठी आहेत.

एक फरक लक्षात ठेवावा : उंचवटा इक्वलायझरने उतरवता येतो, खड्डा भरता येत नाही. खड्ड्यातला स्वर वाढवला, तर परत येणारा आवाजही तेवढाच वाढतो आणि पुन्हा खोडाखोड होते. खड्ड्यावर उपाय एकच, जागा बदलणे.

दोन स्पीकरमध्ये किती अंतर ठेवायचे?

दोन स्पीकर आणि आपले डोके, असा समभुज त्रिकोण करायचा. तिन्ही बाजू सारख्या. मग प्रत्येक स्पीकर आपल्या नाकासमोरच्या रेषेपासून ३० अंश बाजूला येतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रमाणकातही डाव्या आणि उजव्या स्पीकरसाठी हाच कोन आहे. स्पीकरची तोंडे आत, आपल्या कानांकडे वळवायची.

१० बाय १२ च्या खोलीत हे असे जमते : लहान भिंतीपासून पडदे एक फुटावर, दोन स्पीकरमध्ये चार फूट, प्रत्येकाच्या बाजूला भिंतीपर्यंत तीन फूट आणि कान समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर. ३८ टक्क्यांचा अंदाजही यात बसतो. मागची भिंत एक फूट, बाजूची तीन फूट आणि जमीन त्याहून दूर, अशी तिन्ही अंतरे वेगळी राहिल्याने एकाच स्वरावर तीन खड्डे पडत नाहीत.

अंतर डोळ्यांनी मापू नये. खुर्चीत बसून दोऱ्याचे एक टोक नाकाशी धरावे, दुसरे एका ट्विटरपर्यंत, म्हणजे बारीक स्वरांच्या छोट्या स्पीकरपर्यंत न्यावे, तिथे गाठ मारावी आणि त्याच गाठीने दुसरी बाजू तपासावी. एक स्पीकर १० सेंटिमीटर जवळ असला, तरी त्याचा आवाज सेकंदाच्या सुमारे तीन दशसहस्रांश आधी पोहोचतो आणि मधोमध असायला हवा तो गायक त्या बाजूला सरकल्यासारखा वाटतो.

उंची किती? आडवे ठेवले तर चालते?

ट्विटर कानाच्या उंचीवर हवा. बसलेल्या माणसाचे कान जमिनीपासून साधारण पावणेचार ते चार फुटांवर असतात, पण आपल्या खुर्चीत बसून मोजणेच योग्य. कान ४६ इंचांवर आणि स्पीकरच्या तळापासून ट्विटर ८ इंचांवर असेल, तर स्टँड ३८ इंचांचा लागेल. स्पीकर वर बसवणे भाग असेल, तर तो खाली कलवून ट्विटरचे तोंड कानाकडे करावे. हा कल फार तीव्र होऊ देऊ नये, १५ अंशांच्या आत ठेवावा.

जुन्या स्टुडिओंच्या छायाचित्रांत पांढऱ्या पडद्याचे छोटे स्पीकर मिक्सिंग टेबलावर आडवे ठेवलेले दिसतात. ते यामाहाचे एनएस-१०. घरगुती वापरासाठी १९७८ मध्ये बाजारात आलेला हा स्पीकर पुढे जगभरच्या स्टुडिओंनी उचलला. १९८७ मध्ये कंपनीने आडवे ठेवण्यासाठी खास स्टुडिओ आवृत्ती काढली आणि २००१ मध्ये उत्पादन थांबले. छायाचित्रे मात्र राहिली आणि ती पाहून आजही अनेक जण आपले स्पीकर आडवे करतात. आजचे बहुतेक छोटे मॉनिटर उभेच ठेवण्यासाठी असतात. आडवे केले की वूफर आणि ट्विटर शेजारी-शेजारी येतात. डोके जरा डावी-उजवीकडे हलले, की दोघांची कानापासूनची अंतरे बदलतात आणि माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात चढउतार होतात. माहितीपत्रकात आडवे ठेवण्यास सांगितले असेल, तरच ठेवावेत.

टेबल, स्टँड की भिंत?

सर्वांत चांगला पर्याय म्हणजे टेबलाच्या मागे उभे केलेले जड स्टँड. पोकळ लोखंडी खांब असेल, तर त्यात कोरडी वाळू भरावी. खांब वाजत नाही आणि स्टँडही डुलत नाही.

टेबलावरच ठेवायचे असतील, तर दोन अडचणी येतात. पहिली कंपनाची. स्पीकरबरोबर टेबलाची फळी वाजू लागते आणि तिचा घुमारा गाण्यात मिसळतो. त्यासाठी स्पीकरखाली दाट फोमचे किंवा रबराचे पॅड ठेवावेत. कडप्प्याची छोटी लादी, तिच्याखाली रबर आणि वर स्पीकर, अशी स्वस्त रचनाही चालते. लादी रबराशिवाय थेट टेबलावर ठेवली, तर कंपन फळीत जातच राहते. दुसरी अडचण परावर्तनाची. टेबलाचा सपाट पृष्ठभाग आरशासारखा आवाज वर फेकतो. स्पीकर उंचावणे, टेबलाच्या कडेपर्यंत पुढे आणणे आणि मधली जागा मोकळी ठेवणे, याने ते कमी होते. पण पुढे आणताना मागच्या भिंतीचे अंतर वाढते, हे विसरू नये.

भिंतीवर बसवताना काय पाहावे?

भिंतीवर बसवले की टेबल मोकळे होते आणि स्पीकर आपोआप भिंतीजवळ येतो. पण पाच इंची मॉनिटरही हलका नसतो. एचएस५ चे वजन ५.३ किलो आहे. डोक्यासमोर असे दोन खोके लटकवायचे, तर घाई करून चालत नाही.

पहिला प्रश्न स्पीकरचा. त्याला ब्रॅकेटसाठी कंपनीने दिलेली भोके आहेत का? एचएस५ च्या साध्या खोक्याला ती नाहीत, म्हणून कंपनीने एचएस५आय ही वेगळी आवृत्ती काढली आहे. भोके नसलेल्या खोक्यात स्वतः स्क्रू मारू नयेत. हवाबंदपणा बिघडतो, आतल्या वायरिंगला धक्का लागू शकतो आणि वॉरंटीही धोक्यात येते. अशा स्पीकरसाठी भिंतीला फळी बसवून तिच्यावर पॅडसह ठेवणे सुरक्षित. स्पीकर कंपनाने सरकू नये म्हणून फळीला पुढे छोटी पट्टी ठोकावी.

दुसरा प्रश्न भिंतीचा. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत अँकर घट्ट बसतो. नव्या इमारतींतल्या हलक्या सिपोरेक्स ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग सैल होतो; त्यासाठीचे खास अँकर मिळतात. जिप्समच्या पार्टिशनला वजनदार स्पीकर टांगू नये. ड्रिल करण्याआधी आतून वायर किंवा नळ गेलेला नाही, याची खात्री करावी. स्विचबोर्डच्या बरोबर वर-खाली भोक पाडणे टाळावे.

तिसरा प्रश्न शेजाऱ्यांचा. शेजारच्या घराशी सामायिक असलेल्या भिंतीवर ब्रॅकेट बसवला, तर खर्जाचे कंपन थेट पलीकडे जाते. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सामायिक भिंत असेल किंवा घर भाड्याचे असेल, तर स्टँडच बरा.

फोम आणि अंड्यांचे ट्रे किती उपयोगी?

अंड्यांचे ट्रे जवळपास निरुपयोगी आहेत आणि आग लागली तर धोक्याचे. पातळ फोम फक्त बारीक स्वर शोषतो. खोली 'कोरडी' वाटू लागते, पण खर्ज तसाच घुमत राहतो. आधी जागा ठरवावी, मग शोषकांकडे वळावे. पहिले पॅनल बाजूच्या भिंतींवर लावावेत. नेमकी जागा शोधायला मित्राला भिंतीवर आरसा सरकवायला सांगावे. खुर्चीतून आरशात स्पीकर दिसला, की पॅनलची जागा तीच. छतासाठीही हीच रीत. आपल्या पाठीमागे पुस्तकांचे भरलेले कपाट असेल, तर ते राहू द्यावे. काचेचे कपाट किंवा रिकामी भिंत असेल, तर जाड पॅनल लावावा.

जागा बरोबर आहे, हे कसे तपासावे?

आधी स्पीकरच्या जागेवर मास्किंग टेपने खुणा कराव्यात, म्हणजे परत येता येते. पहिली चाचणी मधल्या आवाजाची. एकट्या माणसाच्या बोलण्याचे मोनो रेकॉर्डिंग लावावे. आवाज दोन स्पीकरच्या मधोमध, एका बिंदूतून आल्यासारखा वाटला पाहिजे. तो एकीकडे झुकला तर अंतर, आवाजाची पातळी आणि भिंती तपासाव्यात. तो पसरून डोक्याभोवती फिरल्यासारखा वाटला, तर एका केबलची जोडणी उलटी असण्याची शक्यता असते.

दुसरी चाचणी खर्जाची. टोन जनरेटरच्या अ‍ॅपवर ४० ते २०० हर्ट्झपर्यंतचे स्वर एकाच पातळीवर, हळूहळू चढवत ऐकावेत. कोणता स्वर फुगतो, कोणता बुडतो, हे लिहून ठेवावे. मग स्पीकर किंवा खुर्ची चार-पाच इंच हलवून पुन्हा ऐकावे. सर्वांत कमी चढउतार जिथे, ती आपली जागा. अधिक काटेकोर मापनासाठी रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक मापन-मायक्रोफोन पुरतो. तिसरी चाचणी ओळखीच्या गाण्यांची. गाडीत, हेडफोनवर, मंडपात अनेकदा ऐकलेली चार-पाच गाणी इथेही ओळखीची वाटली पाहिजेत.

चाचणी आणि रोजचे काम, दोन्ही मध्यम आवाजात करावे. शेजारी बसलेल्याशी आवाज न चढवता बोलता यावे, इतकाच. मोठ्या आवाजात खोलीही जोराने बोलू लागते आणि कानही थकतात. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने ८५ डेसिबलची शिफारस-मर्यादा दिवसाला आठ तासांसाठी घातली आहे. गाणाऱ्याचा गळा आणि मिक्सिंग करणाऱ्याचे कान, दोन्ही बदलून मिळत नाहीत.

खोलीत पलंग, कपाट आणि देव्हारा आहे, मग?

अनेकांची हीच स्थिती असते. सगळे साधत नसेल, तर तीन गोष्टी सोडू नयेत : डाव्या-उजव्या बाजूंची समानता, समभुज त्रिकोण आणि कानाच्या उंचीवर ट्विटर. पलंग अडचण नव्हे; पाठीमागे जाड गादी असेल तर ती थोडा आवाज शोषतेच. स्पीकर कायम मांडून ठेवता येत नसतील, तर जमिनीवर स्टँडच्या आणि खुर्चीच्या खुणा कराव्यात आणि काम करताना तिथेच मांडावेत. तेही अशक्य असेल, तर खर्जाचे निर्णय चांगल्या हेडफोनवर घ्यावेत आणि स्पीकर आवाजाचा समतोल पाहण्यासाठी वापरावेत. हे सगळे केल्यावरही गाणे बाहेर फसत असेल, तर मग नव्या स्पीकरचा विचार करायला हरकत नाही. तेव्हा निदान तो कुठे ठेवायचा, हे ठरलेले असेल.